घाटाचा कॅम

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एके दिवशी सकाळी आमच्या दारासमोर एक जुनी जीप येऊन उभी राहिली. उभी राहिली खरी, पण तिचे इंजिन काही केल्या स्वस्थ होईना. दोन ठोके धडधडीत पडत, तिसरा चुके, मग सबंध गाडी अंग शहारल्यासारखी हले आणि पुन्हा दोन ठोके पडत. घरातून विचारणा झाली, "अहो, ही गाडी फुटणार तर नाही ना?" गाडीतून उतरलेल्या पोराच्या चेहऱ्यावर मात्र काळजीचा मागमूस नव्हता. नुकताच पहिला नंबर आल्यासारखा तो हसत होता.

हा माझा जुना विद्यार्थी. गाव अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या बाजूला. त्याच्या आजोबांनी ही विलिस जीप फार वर्षांपूर्वी लष्कराच्या लिलावात घेतली होती आणि घरात माणसांइतकाच तिचा मान होता. पाया पडून झाल्यावर त्याने बातमी सांगितली, "गुरुजी, कॅम बदलला. अमेरिकेतली पोरं हॉट रॉड करतात ना, तसा. यादीतला सगळ्यात मोठा घातला."

मी भाषा आणि इतिहास शिकवणारा माणूस. पण वस्तू कुठलीही असो, ती कोठून आली हे समजल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या दिवसापासून मी कॅमच्या मागे लागलो, आणि या लहानशा लोखंडी दांड्यामागे एवढा मोठा इतिहास निघाला की तो दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

आधी वस्तू समजून घेऊ. पेट्रोलचे इंजिन श्वास घेते. पिस्टन खाली जाताना हवा आणि पेट्रोल आत ओढायचे, वर येताना ते दाबायचे, मग भडका उडवून काम करून घ्यायचे आणि शेवटी धूर बाहेर ढकलायचा, असा हा चार पावलांचा फेर. आत येण्याची झडप वेगळी, बाहेर जाण्याची वेगळी. मेकॅनिक त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. या झडपा कधी उघडायच्या, किती उघडायच्या आणि कधी मिटायच्या, हे ठरवणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. त्याच्यावर अंड्याच्या टोकासारखे उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटा वर येतो, झडप उचलतो. उंचवटा सरला की स्प्रिंग तिला मिटवते. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. घरात पहाटे कोणी उठायचे, बंब कधी पेटवायचा आणि दार कधी लावायचे हे ठरवणाऱ्या आजीसारखा हा दांडा आहे. स्वतः तो कसलेच ओझे ओढीत नाही, पण त्याचे वेळापत्रक चुकले तर कोणाचेच काम होत नाही.

उंचवट्याची युक्ती इंजिनाहून कितीतरी जुनी. इ. स. १२०६ मध्ये अल्-जझारी याने यंत्रांवर जो ग्रंथ पुरा केला, त्यात ती सापडते. युरोपात पाणचक्कीच्या दांड्यावर खुंट्या बसवून मोठमोठे हातोडे उचलीत आणि सोडीत. लोकर आणि कागदाचा लगदा कुटण्याची कामे अशी चालत. पुढे निकोलाउस ऑटो याने १८७६ साली चार पावलांचे इंजिन चालवून दाखवले. मौज अशी की, सुरुवातीच्या पुष्कळ मोटारींत धूर सोडणारी झडप कॅमने उघडे, पण हवा घेणारी झडप नुसत्या ओढीने उघडे. पिस्टन खाली गेला की ती आपोआप आत खेचली जाई. इंजिन सावकाश चालत होते तोवर हे ठीक होते. वेग वाढू लागला तशी ही आळशी झडप मागे पडू लागली आणि तिच्याही मागे कॅम लावावा लागला. १९१२ साली फ्रान्सच्या ग्रां प्री शर्यतीत प्यूजो कंपनीची जी गाडी जिंकली, तिच्या इंजिनाच्या माथ्यावर दोन कॅमशाफ्ट होते आणि दर सिलिंडरला चार झडपा. आजच्या साध्या मोटारींतूनही दिसणारी ही रचना शर्यतीच्या मैदानातून आपल्या घरापर्यंत आली आहे.

आता कॅम 'मोठा' म्हणजे काय? तो जाडीने मोठा नसतो. त्याने झडप अधिक उचलली जाते, आणि मुख्य म्हणजे ती अधिक वेळ उघडी राहते. हा वेळ क्रँकशाफ्टच्या फेऱ्याच्या अंशांत मोजतात. विलिस जीपच्या इंजिनाचा मूळ हिशेब असा: पिस्टन माथ्यावर पोचण्यापूर्वी ९ अंश हवेची झडप उघडायची आणि तो तळाला जाऊन परत फिरल्यावर ५० अंशांनी मिटायची. म्हणजे ती एकंदर २३९ अंश उघडी. धुराची झडप तळाच्या आधी ४७ अंश उघडते आणि माथ्यानंतर १२ अंशांनी मिटते. बेरीज पुन्हा २३९.

पिस्टन वर येऊ लागल्यावरही हवेची झडप उघडी का ठेवायची? पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हे सांगावे लागणार नाही. वर दार पाडले तरी पाटातले पाणी लगेच थांबत नाही. धावत्या पाण्याला धावण्याची सवय लागलेली असते. हवेचेही तसेच. इंजिन जोरात फिरत असले की आत घुसणारी हवा आपल्या वेगाने येतच राहते, पिस्टन उलटा फिरला तरी. झडप उशिरा मिटवली तर हा शेवटचा घोटही पदरात पडतो आणि इंजिन वरच्या वेगात जास्त ताकद देते. परंतु इंजिन सावकाश चालत असेल तर हवेला तेवढा वेग नसतो, आणि वर येणारा पिस्टन आत घेतलेलीच हवा उघड्या झडपेतून परत लोटतो. शिवाय माथ्यापाशी थोडा काळ दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या असतात. मूळ जीपमध्ये हा काळ २१ अंशांचा. आमच्या चिरंजीवांनी २९० अंशांचा कॅम घातला होता, त्याने तो सत्तरीच्या पुढे गेला. मंद चालीत अशा वेळी धूर उलटा हवेच्या वाटेने घुसतो, ताज्या हवेत मिसळतो आणि एखादा भडका नीट उडतच नाही. दारासमोर जी गाडी धापा टाकीत होती तिचे मर्म हे. ज्या चुकणाऱ्या ठोक्याला पोरगा ताकदीचा आवाज समजत होता, तो त्या घटकेपुरता ताकद वाया जाण्याचा आवाज होता.

पण या आवाजाच्या मोहात पडलेला तो पहिलाच नव्हे. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असे आठ सिलिंडरांचे इंजिन काढले, ६५ अश्वशक्तीचे. कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी जुन्या गाड्यांचे छत, पत्रे, मडगार्ड काढून टाकून त्यांत असली इंजिने बसवली आणि म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर ती पळवायला सुरुवात केली. मैलच्या मैल सपाट जमीन, पुढे कोणी नाही, थांबायचे नाही, ओझे नाही. हेच हॉट रॉड. १९३७ साली या हौशी मंडळींच्या क्लबांनी एकत्र येऊन आपली संघटना बांधली. १९४८ च्या जानेवारीत त्यांचे 'हॉट रॉड' मासिक निघाले आणि १९५१ साली राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

या मंडळींना कॅम घासून देणारे कारागीर तयार झाले. एड विनफील्ड हा त्यांतला आद्य. १९२० नंतरच्या दशकापासून त्याचे नाव. महायुद्धानंतर मागणी इतकी वाढली की कॅमसाठी दिवसच्या दिवस थांबावे लागे. तेव्हा एड इस्केंडेरियन नावाच्या आर्मेनियन घरातल्या तरुणाने एक जुने ग्राइंडिंग यंत्र मिळवले, कॅम घासता येईल असे ते बदलून घेतले आणि स्वतःच धंदा मांडला. घासण्याची युक्ती ऐकण्यासारखी आहे. नवा उंचवटा चढवायचा नाही. उंचवट्याभोवतीचा गोल भाग घासून बारीक करायचा, म्हणजे टोक आपोआप उंच ठरते. मधे पडलेली फट टॅपेट वर करून भरून काढायची. शेजाऱ्याचे घर पाडून आपले उंच करण्याचाच हा प्रकार, पण लोखंडात तो चालतो.

ते कारागीर कॅमना नावे देत ती शर्यतीवरून: कोणी अर्धा शर्यती, कोणी पाऊण, कोणी पुरा. मापाला धरबंद नव्हता. झडप किंचित हलली तिथपासून एक जण अंश मोजी, दुसरा ती बरीच उचलल्यावर मोजी. दोन गावांच्या साखळ्या वेगळ्या असल्या की एकाच शेताचे दोन हिशेब होतात, तसे झाले. अखेरीस टॅपेट एक इंचाचा पन्नास हजारांश भाग उचलला गेला की तिथून मोजायला सुरुवात करायची, असा रिवाज पडला. जाहिरातीत २७० अंशांचा म्हणून मिरवणारा कॅम या मोजणीत पन्नासएक अंशांनी खाली उतरतो. म्हणून यादीतला मोठा आकडा पाहून कॅम निवडणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा तो हा, की मोजले कुठून?

आणखी एक गोष्ट त्या तरुणांना अनुभवाने कळली. तळ्यावर पळवलेली गाडी त्यांतल्या पुष्कळांना संध्याकाळी रस्त्याने घरी न्यायची असे. तळ्यावर पुरा शर्यती कॅम राजा, पण चौकात थांबल्यावर इंजिन बंद पडे. जुन्या गाड्यांचे काच पुसणारे वायपर पुष्कळदा इंजिनाच्या ओढीवर चालत. मोठ्या कॅमने ती ओढ कमी झाली की पावसात वायपरही रेंगाळत. रस्त्यावरच्या हॉट रॉडसाठी कॅम निवडण्याची विद्या जन्मली ती या घरी परतण्याच्या गरजेतून. आणि त्या विद्येचा सार असा की, मनात दोन कॅम असतील तर त्यांतला लहान घ्यावा.

हे सगळे मी नंतर शोधून काढले. त्या दिवशी मला एवढेच सुचले, की त्याला घेऊन नगरचे रणगाडा संग्रहालय दाखवावे. नगरचे आता अहिल्यानगर झाले आहे, पण जिभेवरचे 'नगर' जायला वेळ लागेल. चिलखती दलाचे हे संग्रहालय १९९४ साली उभे राहिले. झाडांच्या सावलीत निरनिराळ्या देशांचे रणगाडे शांतपणे उभे आहेत. त्यांतल्या सेंच्युरियनपाशी आम्ही थांबलो. १९६५ च्या लढाईत आपल्या लष्कराने वापरलेला हा रणगाडा. त्याच्या पोटातले मेटिऑर इंजिन म्हणजे दुसऱ्या महायुद्धात विमानांना लावलेल्या मर्लिन इंजिनाचा भाऊच. तेच २७ लिटर, तेच बारा सिलिंडर. विमानात त्याने हजारावर अश्वशक्ती दिली. रणगाड्यात घालताना हवा कोंबणारा सुपरचार्जर काढून टाकला आणि ताकद राहिली साडेसहाशेच्या आसपास. मी म्हटले, "बघ, ज्यांना उत्तम ते मिळत होते, त्यांनी ताकद हाताने कमी करून घेतली. कारण रणगाड्याला आकाशात जायचे नव्हते. चिखलातून पन्नास टन हलवायचे होते." तो मान डोलावीत होता, पण लक्ष फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आपल्या जीपकडे होते.

पुढची हकीकत मार्गशीर्षातली. त्यांच्याकडचे भात घोटीच्या गिरणीवर जाते आणि वाट बारीच्या घाटातून आहे. जीपमागे ट्रॉली, ट्रॉलीत भाताची पोती, शेजारी आजोबा. सपाटीला गाडी झकास पळाली. घाट लागला, दुसरा गिअर पडला, फेरे उतरले आणि इंजिनाने मान टाकली. फेरे चढवावेत तर वळणावर वेग झेपत नाही. वेग सांभाळावा तर इंजिन गुदमरते. शेवटी अर्धा क्लच दाबून त्याने गाडी रेटली आणि निम्म्या घाटात क्लचच्या जळक्या वासाने प्रवास संपला. उतारावर मागे सरकू लागलेल्या ट्रॉलीच्या चाकाखाली दगड लावायला ऐंशी वर्षांचे आजोबा खाली उतरले. लावताना दगड निसटला आणि चाक त्यांच्या पावलापासून चार बोटांवर थांबले. नंतर दगडावर बसून ते शांतपणे म्हणाले, "बाळा, शर्यतीचं खोंड तू मोटेला जुंपलंस."

फोनवर हे सांगताना पोराचा आवाज थरथरत होता. मला आजोबांच्या वाक्यापुढे बोलण्यासारखे काही उरले नव्हते. आमच्या जिल्ह्यात बैलगाडा शर्यतींचे वेड जुने आहे. न्यायालयाच्या बंदीनंतर २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला तेव्हा गावोगाव गुलाल उडाला. परंतु ज्याच्या दावणीला शर्यतीची जोडी आहे तोसुद्धा तिला नांगराला जुंपत नाही. घाटात काही क्षण वाऱ्यासारखे धावणे हा एक गुण, आणि धाव उतरून दिवसभर मोट ओढणे हा दुसरा. एकाच बैलात दोन्ही पुरेपूर मागणारा माणूस दोन्ही गमावतो.

चैत्रात तो पुन्हा आला, या वेळी एस. टी.ने. आम्ही दोघे जीपचे आकडे मांडून बसलो. विलिसचे इंजिन ६० अश्वशक्तीचे, पण ती मिनिटाला ४००० फेऱ्यांवर. त्याची सर्वांत मोठी ओढ, म्हणजे पिळाचे बळ, १०५ पाऊंड-फूट, आणि ते २००० फेऱ्यांवर. पाऊंड-फुटाला फेऱ्यांनी गुणून ५२५२ ने भागले की अश्वशक्ती येते. हा हिशेब त्याने स्वतः केला. २००० फेऱ्यांवर अश्वशक्ती फक्त ४०. उलट ४००० वर ओढ उतरून ७९ वर आलेली. "म्हणजे गुरुजी, घाटात जे लागतं ते चाळीसवालं, आणि मी साठाचे ऐंशी करायला निघालो होतो." मास्तराला याहून वेगळी दक्षिणा नको.

मग प्रश्न लिहून काढले. गाडी बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर चालते? ओझे किती, चढ किती? गिअर आणि टायर तेच राहणार का? इंजिनात दाब किती आहे? मूळ विलिसमध्ये हा दाब साडेसहाला एक इतकाच; मोठा कॅम झडप उशिरा मिटवून तोही उसना गमावतो, म्हणून मोठ्या कॅमबरोबर दाबही वाढवावा लागतो, आणि बाजूला झडपा असलेल्या या जुन्या रचनेत तो फारसा वाढत नाही. कार्बोरेटर आणि धुराड्याची नळी जास्तीची हवा वाहून नेतील का? नाही तर दार मोठे आणि बोळ अरुंद. स्प्रिंगा नव्या वेगाला पुरतील का? त्या कमी पडल्या तर झडप उंचवट्याबरोबर खाली येत नाही, अधांतरी तरंगते आणि पुढची हानी मोठी होते. शेवटचा प्रश्न सरकारचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीत मूळ बनावटीशी न जुळणारा फेरबदल करण्यावर बंधन आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. तेव्हा हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून यायचे ठरले.

या उत्तरांतून कॅम आपोआप निवडला गेला. एका कारागिराने २५० अंशांचा घासून दिला, मूळच्याहून जेमतेम अकरा अंशांनी अधिक. दोन्ही झडपा उघड्या राहण्याचा काळ सत्तरीवरून बत्तिशीवर आला. इंजिन आता एका ठोक्यात बोलते.

निवडीचा हा पेच यंत्रविद्येने पुढे सोडवलाच. होंडा कंपनीने १९८९ साली एकाच दांड्यावर मंद चालीचा आणि वेगाचा असे दोन्ही उंचवटे ठेवून, चालता चालता एकावरून दुसऱ्यावर जाण्याची सोय केली. शेजारच्या सोलापुरात १९९२ साली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स हा कारखाना निघाला आणि चादरींच्या गावचे कॅम देशोदेशींच्या मोटारींत जाऊन बसले. याच कारखान्याने २०१८ साली नेदरलँड्समधल्या, विजेवरच्या गाड्या करणाऱ्या एका कंपनीत भांडवल घातले. कारण विजेच्या मोटरला श्वास घ्यावा लागत नाही, मग झडप नको आणि कॅमही नको. १९७२ साली आलेल्या लूनाला कॅम नव्हताच, तिचे दोन पावलांचे इंजिन सिलिंडरच्या भोकांतूनच श्वास घेई. २०२४ साली तीच लूना विजेवर आली. उद्या एखादा मुलगा मास्तराला विचारील, की कॅम म्हणजे काय होते?

तोवर आमची जीप चालू आहे. आषाढात पाहुण्यांना घेऊन ती भंडारदऱ्यापर्यंत जाऊन आली. खरी परीक्षा अजून व्हायची आहे. हे लिहीत असताना त्यांच्या खाचरांत भात पिवळे पडू लागले आहे. कापणी, झोडणी झाली की पोती ट्रॉलीत चढतील आणि बारीचा घाट लागेल. आजोबांनी शेजारी बसायचे कबूल केले आहे. पोराने मात्र या वेळी चाकामागे लावायला लाकडाच्या दोन जाड पाचरी करून घेतल्या आहेत, आणि कॅमपेक्षा मला त्याच अधिक आवडल्या.